पुढचं स्टेशन: मार्गदर्शन, तारण आणि भरवसा

मागच्या व्याख्यानानंतर मुलुंडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आज आधी घेऊ. त्यांच्या मुलाला परगावी चांगली नोकरी मिळते आहे. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रोज प्रार्थना चालू आहे, पण 'जाऊ दे' की 'थांबव', काहीच उत्तर येत नाही. त्यांनी विचारलं, "देव माझ्याशी बोलत नाही, म्हणजे माझा विश्वासच खोटा का? मग माझ्या तारणाचं काय?"

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. आपण त्या आधी सोडवू.

पवित्र शास्त्राप्रमाणे तारण हे कृपेनं, विश्वासाच्या द्वारे मिळतं. इफिसकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात पौल हे स्पष्ट सांगतो आणि लगेच जोडतो की ते आपल्या कर्मांचं फळ नाही. ते ख्रिस्तानं वधस्तंभावर केलेल्या कामावर उभं आहे. आपल्याला देवाचा आवाज किती स्वच्छ ऐकू येतो, यावर ते अवलंबून नाही. मार्गदर्शनाचं तसं नाही. ते रोजचं आहे, आणि थोडं थोडंच मिळतं. अब्राहाम कुठे जायचं ते ठाऊक नसताना निघाला, असं इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात आहे.

आपल्या लोकलमध्ये घोषणा होते ती फक्त पुढच्या स्टेशनाची. घाटकोपर आलं की विक्रोळीची. आपण गाडीत बसलो आहोत ही गोष्ट त्या घोषणेमुळे खरी होत नाही, आणि एखाद दिवशी स्पीकर बंद असला म्हणून खोटीही ठरत नाही. (आणि तो बंद किती वेळा असतो, हे तुम्हाला सांगायला नको!)

गाडीचाच विषय निघाला आहे तर रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे येऊ. 1893च्या सुमारास ते नोकरीसाठी राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरण्याआधी त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि हे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांनी वाचायला घेतलं. मत्तयाच्या 5व्या अध्यायाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तिथेच गुंतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते गृहस्थ कोण होते, हे टिळकांना कधीच कळलं नाही. देवानं रस्ता दाखवला तो अशा एका सहप्रवाशाच्या हातून. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही.

पण ही कथा बहुतेक वेळा इथेच थांबवतात, आणि ते आम्हाला पटत नाही. कारण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून दुरावलेला. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. नंतर टिळकांजवळ राहायला आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, स्वयंपाक वेगळा होता. टिळकांना झालेलं दर्शन त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं. मग एक दिवस त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला: ही जातपात देवानं केली की माणसानं? उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं आणि कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधे पाच वर्षं गेली. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं की ती पाच वर्षं कोणीही त्यांच्या वतीनं चालू शकलं नसतं.

म्हणून घरात कोणी "मला देवानं सांगितलं" म्हणून बाकीच्यांची तोंडं बंद करू लागला, तर जरा थांबा. जे सांगणं येशूच्या स्वभावाशी जुळत नाही, ज्यात दुबळ्याची काळजी नाही, ते तपासून घ्यावं. मंडळीतल्या दोन जाणत्या माणसांशी बोलावं. डोकं वापरणं हा अविश्वास नव्हे. तेही देवानंच दिलं आहे.

तर ताई, सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा, पुढच्या सहा महिन्यांत काय काय लागेल. मुलगा गेला तर रात्री उठायला कोण, आणि पैशाचं कसं, ते कागदावर मांडा. सासूबाईंनाही विचारा, त्यांना अजून कोणी विचारलेलं नसेल. मग प्रार्थना करून ठरवा. ठरवलेलं चुकलं, तर चूक दुरुस्त करता येईल. तुमचं तारण त्या निर्णयाला टांगलेलं नाही. हे मात्र आज रात्री नीट झोपण्याइतकं पक्कं धरा.

टिळकांनाही सगळा रस्ता एकदम दिसला नव्हता. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर, 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांनी ते वारले. हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.