बांधणी-साधनाची किमान आवृत्ती

म्हैसूर येथे १९६९ साली केंद्रीय भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. भाषांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरातील एका विद्यार्थ्याला जुन्या कन्नड ग्रंथांची छापील पाने संगणकाकडून वाचून घ्यावयाची आहेत, असे समजू. हे कार्य करणारी ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली २००५ साली सर्वांस खुली झाली. कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांतील मजकूर ती ओळखते. अशा आज्ञावलीची मूळ संहिता कोणासही विनामूल्य मिळते. परंतु माणसाने लिहिलेल्या या संहितेला यंत्रास चालविता येईल असे रूप द्यावे लागते. या क्रियेस ‘बांधणी’ म्हणतात.

बांधणीची साधनेही आज्ञावलीच असतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ हे साधन रचले. आज ‘सीमेक’ हे साधन पुष्कळ प्रचारात आहे. साधनाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत काही सोयींची भर पडते. म्हणून संहितेचा कर्ता आरंभीच ‘निदान अमुक आवृत्ती हवी’ असे लिहून ठेवतो.

हा आकडा कसा ठरवावा? २०२२ सालच्या दीर्घ मुदतीच्या उबुंटू प्रणालीबरोबर सीमेक ३.२२, २०२३ सालच्या डेबियनबरोबर ३.२५, तर २०२४ सालच्या उबुंटूबरोबर ३.२८ मिळते. कर्त्याने आपल्या नव्या यंत्राकडे पाहून ३.२५ हा आकडा लिहिला, तर २०२२ ची प्रणाली वापरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याची बांधणी पहिल्याच पायरीवर थांबेल. संहिता खुली असूनही ती त्याला दुर्लभच राहील.

मग आकडा शक्य तितका लहान ठेवावा काय? तसेही नव्हे. लिहिलेल्या आकड्यावरून नवे सीमेकही कोणत्या काळच्या नियमांनी वागावयाचे ते ठरविते. जुन्या नियमांचे हे ओझे कायम वाहता येत नाही. २०२५ साली आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ पूर्वीच्या नियमांचा आधार काढून घेतला, त्यामुळे २.८ असा आकडा तसाच राहिलेल्या संहितांची बांधणी अडली.

यास्तव तीन गोष्टी पाहाव्यात. वापरणाऱ्यांच्या प्रणालींपैकी सर्वांत जुनी, पण अद्याप सांभाळली जाणारी प्रणाली कोणती? संहितेला खरोखर लागणारी सोय कोणत्या आवृत्तीत आली? आणि लिहिलेल्या किमान आवृत्तीवर बांधणी प्रत्यक्ष करून पाहिली आहे काय? सीमेक ३.१२ पासून किमान आकड्यापुढे तीन टिंबे देऊन दुसरा, वरचा आकडाही लिहिता येतो. जुने साधन त्याकडे दुर्लक्ष करते. नवे साधन तेथपर्यंतचे नवे नियम पाळते.

किमान आवृत्ती हे एक वचन होय. ते कर्त्याच्या नव्या यंत्रावर नव्हे, तर दूरच्या विद्यार्थ्याच्या जुन्या यंत्रावर पारखले जाते.