मुक्या दुखण्याचं मोजमाप

"डॉक्टर, वय झालं त्याचं, म्हणून झोपून असतो," असं सांगत लोक कुत्र्याला घेऊन येतात. मी विचारतो, सकाळी उठायला किती वेळ लावतो? जिन्यात थांबतो का? मग घरची मंडळी एकमेकांकडे बघू लागतात. संधिवाताचा कुत्रा सहसा केकाटत नाही. दवाखान्यात तर भीतीपोटी लंगडणंही विसरतो. एक्स-रेवर विसंबावं, तर सांधा झिजलेला कुत्रा कधी मजेत असतो आणि बरा दिसणारा बेजार! तेव्हा दुखणं मोजायचं ते घरच्यांनीच.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठात यासाठी प्रश्नावली तयार झाली. गेल्या ७ दिवसांत दुखणं जास्तीत जास्त किती, कमीत कमी किती, सरासरी किती, आत्ता किती, याला ० ते १० गुण द्यायचे. उठणं, चालणं, पळणं, जिना चढणं यांत अडथळा किती, तेही लिहायचं. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. औषधाआधीचा आणि नंतरचा कागद शेजारी ठेवावा. दोन्ही वेळा गुण एकाच माणसाने द्यावेत, नवरा-बायकोचे आकडे क्वचितच जुळतात! आणि माणसांची आयबुप्रोफेनची गोळी मात्र कृपा करून देऊ नका. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात.