भाजी कोणत्या पाण्यावर पिकली?

दुकानात कापडाचा तागा आला की आम्ही आधी एक धागा ओढून काडीने जाळतो. सुती असेल तर जळक्या कागदासारखा वास येतो व राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी बनतो. दलालाने कितीही शपथा घेतल्या तरी ही परीक्षा आम्ही सोडत नाही. आणि हेच आम्ही संध्याकाळी कल्याण स्टेशनबाहेर पालकाची जुडी घेताना भावाखेरीज एक शब्द विचारीत नाही!

ठाणे-कल्याण लोकलने नेहमी जाणाऱ्यांना रुळांकडेचे भाजीचे वाफे परिचयाचे आहेत. 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली रेल्वेने अशा जमिनी आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीस दिल्या. हेतू चांगला होता, पण पाणी? अनेक ठिकाणी ते शेजारच्या नाल्याचे, म्हणजे घरांचा मैला व कारखान्यांचे सांडपाणी एकत्र. त्यातले जंतू भाजी नीट धुऊन शिजवल्यास मरतात. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू मात्र मुळांवाटे पानात उतरतात. ते धुऊन जात नाहीत, शिजवूनही नाही. तेव्हा 'जवळचा माल चांगला' एवढ्यावर भागत नाही. रुळाकडेच्या पालकाहून जवळचा माल कोणता असणार?

कायदा आहेच. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. परंतु त्याच्या कलम १८ मध्ये शेतकरी व शेतावरचा माल वगळला आहे. म्हणजे शेतातील चौकशी गिऱ्हाइकानेच करायची, आणि ती करायला शेतकरी समोर हवा.

मुरबाड, शहापूर आपल्याला परके नाहीत. भात निघाल्यावर तिथे भेंडी, काकडी होते. पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बाया शेवळे, पुढे कर्टोली घेऊन येतात. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. तेव्हापासून शेतकऱ्याने थेट शहरात विकण्यास अडचण नाही.

आमच्या पेठेतल्या पाच घरांनी मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याशी बोलणी केली. आम्ही आधी शेतावर गेलो, विहीर पाहिली, शेवटची फवारणी केव्हा व कशाची हे विचारले. त्याने डब्बाच आणून दाखवला. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे त्यावर छापलेले असते. आम्हांला इतक्या वयात ते प्रथमच समजले. भाव बाजारापेक्षा थोडा चढा पडतो, हे लपवीत नाही.

त्याच्या अटी दोन होत्या : बाजारात भेंडी स्वस्त झाली म्हणून त्या आठवड्यात तोंड फिरवायचे नाही, आणि पैसे रोख. उधारीवर धंदा करणाऱ्या आम्हां कापडवाल्यांना दुसरी अट जास्त जड गेली.