चोवीस तासांची मुदत : मनोरुग्ण, पोलीस ठाणे आणि रुग्णालय (जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

मनोविकाराच्या भरात एखादा मनुष्य अंगावरचे कपडे टाकून रस्त्याने धावू लागला, घरात विळा घेऊन उभा राहिला किंवा पाण्याच्या टाकीवर चढून बसला, म्हणजे आपल्या समाजात प्रथम बोलावणे जाते ते पोलिसांना. वैद्याचे स्मरण मागाहून होते. ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. पोलीस ठाणे रात्रीही उघडे असते, त्याच्याजवळ वाहन असते, आणि बळाचा वापर करण्याचा अधिकार कायद्याने त्यालाच दिलेला आहे. वैद्याजवळ ज्ञान आहे, परंतु तो जागेवर नाही. पोलीस जागेवर आहे, परंतु त्याला ते ज्ञान कोणी दिलेले नाही. ह्या दोघांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत गेली चार दशके अभ्यासिला जात आहे. आपल्याकडे तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने निराळ्या वाटेने उपस्थित केला आहे. त्या अधिनियमाच्या शंभराव्या कलमाचा आशय काय, आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात ते अमलात आणावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याचा इतिहास पाहू लागले असता एका साध्या प्रश्नाभोवती तो फिरत असल्याचे दिसते : पोलिसाने ह्या माणसाला कोणापुढे न्यावयाचे? १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’ने मोकाट फिरणाऱ्या वेड्यास ‘अटक’ करण्याचा अधिकार ठाणेदारास दिला होता, आणि अटकेनंतर त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावयाचे होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने ‘अटक’ हा शब्द काढून ‘संरक्षण’ हा शब्द घातला. पण चोवीस तासांच्या आत न्यावयाचे ते दंडाधिकाऱ्यापुढेच. म्हणजे शब्द बदलला, वाट तीच राहिली. २०१७ च्या अधिनियमाने, जो २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला, वाटच बदलली. आता ठाणे अंमलदाराने त्या व्यक्तीस न्यावयाचे ते जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत. तिला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवावयाचे नाही, असे कायदा निरपवाद शब्दांत सांगतो. ह्या तरतुदीमागे एक जुनी वेदना आहे. कोणताही गुन्हा न केलेले मनोरुग्ण तुरुंगात खितपत पडलेले असत. शीला बारसे ह्यांनी चालविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये अशी भरती बेकायदेशीर आणि घटनाबाह्य ठरविली, तेव्हा कुठे त्या प्रथेला धक्का बसला.

शंभरावे कलम बारकाईने वाचण्याजोगे आहे. पोलिसाने संरक्षणाखाली घ्यावयाची व्यक्ती दोन प्रकारची : मोकाट फिरणारी, मनोविकारग्रस्त व स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ अशी एक, आणि मनोविकारामुळे स्वतःस वा इतरांस धोका उत्पन्न करणारी दुसरी. दोन्ही ठिकाणी कायद्याची अपेक्षा एवढीच, की अधिकाऱ्यास ‘तसे मानण्यास कारण’ असावे. निदान करणे हे त्याचे काम नव्हे. संरक्षणाखाली का घेतले हे त्या व्यक्तीस सांगावयाचे. तिला ते समजत नसेल तर तिच्या नामनिर्दिष्ट प्रतिनिधीस सांगावयाचे. रुग्णालयात पोहोचल्यावर जबाबदारी तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाते. तपासणीअंती भरती करण्याची आवश्यकता दिसली नाही, तर ती पुन्हा पोलिसाकडे येते : त्याने व्यक्तीस तिच्या घरी पोहोचवावयाचे, आणि घर नसेल तर निराधारांसाठी असलेल्या शासकीय संस्थेत. ह्या येरझारेत दोन खात्यांचा हात एकमेकांच्या हातात द्यावा लागतो. कायद्याने फिरते संयुक्त पथक कोठेही सांगितलेले नाही. परंतु संयुक्त कार्य मात्र प्रत्येक पोटकलमात गृहीत धरले आहे.

येथे एका शब्दाकडे अभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष होते. कलमात ‘सार्वजनिक आरोग्य संस्था’ असे म्हटले आहे, ‘मनोरुग्णालय’ असे नाही. म्हणून घनसावंगी वा मंठा येथील पोलिसाला जिल्ह्याचे ठिकाण गाठण्याचे बंधन नाही. जवळचे सरकारी रुग्णालय पुरेसे आहे. तेथे मनोविकारतज्ज्ञ नसेल, ही गोष्ट कायद्याला ठाऊक आहे. म्हणूनच चौऱ्याण्णवाव्या कलमाने कोणत्याही नोंदणीकृत वैद्यास आणीबाणीचे उपचार करण्याची मुभा दिली. ते उपचार बहात्तर तासांपर्यंत चालू शकतात. नामनिर्दिष्ट प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यावयाची. विजेचे झटके मात्र ह्या मार्गाने देता येत नाहीत. रुग्णास जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत पोहोचविणे हाही ह्याच उपचाराचा भाग मानला आहे. ही दोन कलमे एकत्र वाचली म्हणजे कायद्याची मांडणी ध्यानात येते. एकेकटे वाचणाऱ्या पोलिसास आणि वैद्यास मात्र ती दिसत नाही, आणि रुग्णालयाच्या दारात ‘हा आमच्याकडचा नव्हे’ हा वाद सुरू होतो.

आता जालना जिल्ह्याकडे वळू. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून (आजचा छत्रपती संभाजीनगर) मुख्यतः वेगळा काढलेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार, आणि तीत ग्रामीण भाग फार मोठा. महाराष्ट्रातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. मराठवाड्यात एकही नाही, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. ही चारही रुग्णालये ब्रिटिश अमदानीत, ब्रिटिशांच्या प्रत्यक्ष अमलाखालील प्रदेशांत उभी राहिली. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थान १९४८ मध्ये गेले, मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, परंतु जुन्या सरहद्दीची रेघ रुग्णालयांच्या नकाशावर उमटलेलीच राहिली. जालन्याहून येरवडा तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे आणि नागपूर त्याहूनही दूर. २०१९ ते २०२२ ह्या काळातील राज्य शासनाने जालन्यास ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर केले, ह्या निर्णयाचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तथापि मंजुरी आणि मध्यरात्री मिळणारी खाट ह्यांत जे अंतर असते, ते ह्या बाबतीतही गृहीत धरूनच विचार केलेला बरा.

ह्या जिल्ह्यात पोलिसांकडे येणारे बोलावणे कोणत्या प्रकारचे असू शकते, हे त्याच्या रचनेवरून अजमावता येते. शहरात पोलादाचे कारखाने आहेत. तेथे बिहार, उत्तर प्रदेशापासून आलेला एकटा मजूर राहतो. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर जालना हे स्थानक आहे, आणि वाट चुकलेला मनोरुग्ण बहुधा आगगाडीनेच येतो. उत्तरेस भोकरदन, जाफराबाद हे तालुके बुलढाणा जिल्ह्याला लागून आहेत, आणि त्या जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे, जेथे दूरदूरचे लोक आपले वेडसर आप्त घेऊन येतात. सर्वांत गंभीर प्रश्न कोरडवाहू कापसाच्या शिवारातला : कर्ज, नापिकी आणि घरात हाताशी असलेले कीटकनाशक.

वैद्याची गरज केवळ रुग्णास शांत करण्यासाठी नसते. किंबहुना, समोरचा माणूस वेडा नाही हे सांगण्यासाठी ती अधिक असते. दारू एकाएकी बंद झालेला माणूस दोनतीन दिवसांनी थरथरू लागतो, त्याला भिंतीवर किडे दिसतात, तो कोणासही ओळखत नाही. दारू पिऊन दंगा केला म्हणून कोठडीत टाकलेला इसम तिसऱ्या दिवशी ‘वेड्याचे सोंग घेतो’ असे पहारेकऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ती जिवावर बेतणारी शारीरिक अवस्था असते. रक्तातील साखर उतरलेला मधुमेही, डोक्यास मार लागलेला अपघातग्रस्त, तापाने बरळणारा वृद्ध, ह्यांची गणना पोलीस सहज मनोरुग्णांत करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेत तर आणखी एक पेच आहे : उतारा म्हणून दिलेल्या अ‍ॅट्रोपीनचे प्रमाण वाढले तर त्यानेही रुग्ण बरळू लागतो. नाडी, ताप, साखर आणि बाहुल्या एवढे तपासावयास मनोविकारतज्ज्ञ लागत नाही; परिचारिका पुरते. ही तपासणी कोणी केली नाही, तर मात्र एखादा मनुष्य गाडीत हात बांधलेल्या स्थितीत मरतो.

परदेशांतील प्रयोगांविषयी थोडक्यात. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ मध्ये हातात सुरा असलेला एक मनोरुग्ण पोलिसांच्या गोळीने मेला, आणि १९८८ पासून तेथे निवडक पोलिसांना चाळीस तासांचे प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. ह्या पद्धतीने पोलिसांचे ज्ञान व वृत्ती सुधारते, असे अभ्यासांत पुष्कळदा आढळले आहे. बळाचा वापर कमी होतो काय, ह्याविषयीचा पुरावा तितका निर्णायक नाही. इंग्लंडात २०१३ पासून पोलिसांबरोबर मनोविकार-परिचारिका देण्याचे प्रयोग झाले. स्टॉकहोम येथे २०१५ मध्ये परिचारिकांचीच स्वतंत्र रुग्णवाहिका सुरू झाली. ह्या सर्वांत आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटते ती इंग्लंडमधील २०१७ ची कायदेशीर दुरुस्ती : मनोरुग्णास ताब्यात घेण्यापूर्वी, शक्य असेल तेथे, पोलिसाने आरोग्यसेवेतील व्यक्तीचा सल्ला घ्यावा. तेथे गाडी एकत्र नसली तरी निर्णय एकत्र होतो. मंठ्याच्या ठाण्याबाहेर मनोविकारतज्ज्ञ बसवून ठेवणे आपणांस परवडणार नाही, दूरध्वनी परवडतो. २०२१ पासून महाराष्ट्रात पोलिसांचा ११२ हा क्रमांक चालू आहे, १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक देशभर सुरू झाला. हे तीन क्रमांक एकमेकांशी किती बोलतात, ह्यावर सारे अवलंबून आहे. ‘प्रेरणा’ प्रकल्पाने २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांकरवी खचलेल्या शेतकऱ्याचा शोध घेण्याची रीत घालून दिली. गावच्या पोलीस पाटलालाही कोणते घर अडचणीत आहे हे सहसा माहीत असते. ह्या दोघांची माहिती ठाण्यापर्यंत व दवाखान्यापर्यंत एकाच वेळी पोहोचावी, अशी व्यवस्था मात्र करावी लागेल.

आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २०१७ च्या अधिनियमाच्या एकशेपंधराव्या कलमानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावयाचे, आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तिला शिक्षा करावयाची नाही. उलट तिची शुश्रूषा हे शासनाचे कर्तव्य होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ वे कलम नाही. परंतु लोकसेवकास भाग पाडण्यासाठी वा त्याचे काम अडविण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे हा २२६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. कचेरीच्या आवारात अंगावर रॉकेल ओतणारा शेतकरी ह्या दोन कलमांच्या मधोमध उभा असतो. त्याचा हेतू दडपण आणण्याचा होता की तो खरोखर जीवनास विटला होता, हे त्या घटकेस पोलीस ठरवू शकत नाही. आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे कायदा ध्यानात घेत नाही. आमच्या मते येथे गुन्ह्याची नोंद करण्याची घाई करू नये. प्रथम वैद्याने पाहावे, आणि त्याचा अभिप्राय तपासाच्या कागदपत्रांत असावा.

शेवटची अडचण चोवीस तासांनंतरची. निराधार वा मोकाट फिरणारी व्यक्ती सापडली, तर शंभराव्या कलमाप्रमाणे हरविलेल्या व्यक्तीची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. पण जालना स्थानकावर सापडलेला मनुष्य मैथिली वा ओडिया बोलत असेल, तर पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून गावाचे नाव निघत नाही. औषधांनी आठदहा दिवसांत मन ठिकाणावर आल्यावर ते निघते. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे डॉ. भरत वाटवानी, ज्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ह्यांचे रस्त्यावरील मनोरुग्णांना घरी पोहोचविण्याचे सारे कार्य ह्याच क्रमावर उभे आहे : आधी उपचार, मग पत्ता. म्हणून ठाण्यातील नोंद पहिल्या दिवशी ‘नाव, गाव अज्ञात’ असे लिहून मिटता कामा नये. वॉर्डातील परिचारिकेने रुग्ण जे बोलेल ते टिपून ठेवावे, गावाचा, नदीचा, बाजाराचा एखादा शब्द कानी पडताच ठाण्यास कळवावा, आणि अंमलदाराने तो त्याच नोंदीत पुढे लिहीत जावे.