मांजरांतील यकृत व मूत्रपिंडाचे विकार : लक्षणे, कारणे व दक्षता

धान्याची कोठी, गोठा व पशुखाद्याची खोली येथील उंदरांवर मांजर वर्षभर वचक ठेवते. मात्र त्याच्या आजाराकडे पशुपालकाचे लक्ष बहुधा उशिराच जाते. मांजर आपले दुखणे लपविते. मूत्रपिंडांची सुमारे दोन तृतीयांश कार्यक्षमता नष्ट होईपर्यंत बाह्य लक्षणे सहसा दिसत नाहीत.

मूत्रपिंडविकार : जीर्ण स्वरूपाचा विकार प्रामुख्याने वयस्क मांजरांत आढळतो. वारंवार पाणी पिणे, लघवीचे प्रमाण वाढणे, वजन घटणे, केस निस्तेज होणे, उलट्या व तोंडाची दुर्गंधी ही त्याची लक्षणे होत. नष्ट झालेला भाग पुन्हा निर्माण होत नाही. तथापि कमी स्फुरदयुक्त आहार, मुबलक पाणी व रक्तदाबावरील नियंत्रण यांमुळे विकाराची गती मंदावते.

यकृतविकार : मांजराला उपासमार सोसत नाही. विशेषतः लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न वर्ज्य केल्यास शरीरातील चरबी यकृतात साचू लागते. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या व कानांची आतील बाजू पिवळी दिसू लागते. वेळीच नळीद्वारे पोषण दिल्यास अनेक मांजरे पूर्ण बरी होतात. म्हणून एक दिवस अन्न न घेतलेल्या मांजराची तपासणी करून घेणे हिताचे.

घरातील विषे : माणसांची वेदनाशामक औषधे मांजरास कदापि देऊ नयेत. पॅरासिटामॉलचे विघटन करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अत्यंत दुर्बल असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. हिरड्या तपकिरी वा निळसर होणे, चेहऱ्यावर सूज व धाप ही विषबाधेची चिन्हे होत. हरितगृहात एशियाटिक वा ओरिएंटल लिली घेणाऱ्यांनी अधिक दक्ष राहावे. या वनस्पतीचे सर्व भाग मांजरास विषारी असून, अंगावर पडलेले परागकण चाटल्यानेही एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे व औषधाचे वेष्टन किंवा वनस्पतीचा भाग सोबत न्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी रेबीज लसीकरण शिबिरांत मांजराची भूक, पाणी व वजन यांविषयी आवर्जून विचारणा करावी. या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून विकाराची चाहूल वेळीच लागू शकते.