पगार : मार्ताच्या दहा क्लबांची कहाणी

पोर्तुगीजांची सत्ता वसईवरून आणि पुढे गोव्यावरून गेली, परंतु जाताना जे मोजके शब्द ती मराठीच्या पदरात टाकून गेली, त्यांत चावी, पाव, बटाटा, घमेले यांच्या पंक्तीला बसणारा ‘पगार’ हा शब्द मला सर्वांत अर्थगर्भ वाटतो. मूळ भाषेत ते क्रियापद आहे. घेतलेल्याचे मोल चुकते करणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीने त्याचे नाम केले, त्याला महिन्याच्या एक तारखेचे नियमितपण दिले, आणि हळूहळू माणसाच्या पतीचे मापही त्याच शब्दाच्या हवाली केले; ज्याला पगार आहे त्याचे ते काम आणि ज्याला नाही त्याची ती हौस, असा निवाडा आपण रोजच्या बोलण्यात नकळत करीत असतो. हा शब्द ज्या भाषेने आपल्याला दिला त्याच भाषेत वाढलेली एक स्त्री, खेळाला काम म्हणवून घेण्यासाठी पंचवीस वर्षे तीन देशांतून कशी हिंडली, याची ही हकीकत आहे.

फुटबॉलपटू मार्ता व्हिएरा द सिल्वा हिचा जन्म १९ फेब्रुवारी १९८६ रोजी, ब्राझीलच्या ईशान्येकडील आलागोआस प्रांतात, दोइस रियाशोस नावाच्या लहानशा गावी झाला. वडील ती तान्ही असतानाच घर सोडून गेले, आणि चार मुलांचा भार आईवर पडला. गावात मुलींचा संघ नव्हता, म्हणून ती मुलांत खेळली. चेंडू मिळाला नाही तर पिशव्यांचे बोळे करून खेळली. मुलांच्या एका स्पर्धेत, मैदानावर मुलगी उतरणार असेल तर आपण आपला संघ काढून घेऊ, असा हट्ट प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकाने धरल्याची आठवण तिने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या हट्टामागे एका माणसाचा दुराग्रह होता, हे खरे. परंतु त्या दुराग्रहाच्या मुळाशी राज्यशासनाचा हुकूम होता, हे अधिक खरे. गेतूलियो व्हार्गास यांच्या राजवटीत १९४१ साली निघालेल्या ३१९९ क्रमांकाच्या फर्मानाच्या ५४ व्या कलमाने, स्त्रीप्रकृतीशी विसंगत अशा खेळांना स्त्रियांपुरती मनाई केली होती. १९६५ साली त्या मनाईच्या यादीत फुटबॉलचे नाव स्पष्टपणे घातले गेले. बंदी उठली १९७९ मध्ये, आणि स्त्रियांच्या फुटबॉलला रीतसर नियमांची चौकट लाभली १९८३ मध्ये. म्हणजे मार्ता जन्मली तेव्हा तिच्या खेळाला कायद्याची मान्यता मिळून अवघी तीन वर्षे लोटली होती. कायदा एका दिवसात रद्द करता येतो, परंतु त्याने अडतीस वर्षे लावलेले वळण रद्द करण्याची तजवीज कोणत्याही राजपत्रात नसते.

वयाच्या चौदाव्या वर्षी ती एकटी बसमध्ये बसली आणि तीन दिवसांच्या प्रवासानंतर रिओ द जानेरो येथे उतरली. तेथे ज्या क्लबाने तिची परीक्षा घेतली त्याचे नाव व्हास्को द गामा. भारताच्या जलमार्गाची चतुःशताब्दी होती त्या १८९८ साली, रिओतल्या पोर्तुगीज स्थलांतरितांनी तो क्लब काढला, आणि ज्या खलाशाचे नाव गोव्यातील वास्को शहराला मिळाले त्याचेच नाव त्यालाही दिले. प्रशिक्षिका हेलेना पाशेको यांनी मुलीचा डावा पाय पाहिला आणि तिला ठेवून घेतले. परंतु काही हंगामांतच क्लबाने स्त्रियांचा संघ मोडीत काढला, आणि मार्ताला मिनास जेराइस प्रांतातील सांता क्रुझ या लहान क्लबाचा आश्रय घ्यावा लागला. पुरुषांचा संघ जिवंत, ध्वज जिवंत, मैदान जिवंत, आणि फक्त स्त्रियांचा संघ बंद, हा अनुभव तिला पहिल्याच मुक्कामी आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये क्लब हा वतनासारखा असतो. पिढ्यान्‌पिढ्या तो टिकतो, आणि खेळाडू त्याची पाच-दहा वर्षांची चाकरी करून निघून जातो. स्त्रियांच्या संघांची नोंद मात्र बहुधा पुरुषांच्या संघाच्या वहीत खर्चाच्या बाजूला, अथवा एखाद्या उत्साही धनिकाच्या खासगी खात्यात असे. स्वतःचे मैदान नाही, दूरचित्रवाणीचे स्थिर उत्पन्न नाही, साठलेली गंगाजळी नाही. अशा स्थितीत पहिली आर्थिक तोशीस लागताच कोणती ओळ खोडली जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मार्ताच्या दहा क्लबांचे दफ्तर या एका दृष्टीने वाचले, की एका खेळाडूच्या चरित्रातून एका व्यवसायाचा इतिहास उलगडू लागतो.

२००३ च्या विश्वचषकात सतरा वर्षांच्या मार्ताने जगाचे लक्ष वेधले, आणि २००४ साली स्वीडनमधील उमेओ येथून तिला बोलावणे आले. १८८८ च्या भीषण आगीनंतर पुन्हा आग पसरू नये म्हणून ज्याच्या रस्त्यांवर भूर्जवृक्ष लावले, असे ते उत्तरेकडील हिमाच्छादित नगर. विषुववृत्ताच्या उन्हात वाढलेल्या मुलीला ती हवा आणि ती भाषा दोन्ही परकी होती. पण तेथे सराव ठरल्या वेळी होई, आणि पगार ठरल्या दिवशी मिळे. तिच्या पहिल्याच वर्षी उमेओने युरोपीय चषकाच्या अंतिम फेरीत फ्रँकफुर्टला दोन सामने मिळून ८–० असे नमवले. पुढे २००५ ते २००८ अशी सलग चार वर्षे स्वीडनचे अजिंक्यपद त्याच क्लबाकडे राहिले. २००७ साली चीनमधील विश्वचषकात तिने सात गोल केले, उपांत्य सामन्यात ब्राझीलने अमेरिकेला ४–० असे हरवले, आणि अंतिम सामन्यात मात्र जर्मनीची गोलरक्षक नादिन आंगेरर हिने तिची पेनल्टी अडवली. २००६ पासून २०१० पर्यंत सलग पाच वर्षे जगातील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिचाच होता. माझ्या मते या वैभवाचे श्रेय तिच्या प्रतिभेइतकेच उमेओने दिलेल्या स्थैर्याला आहे. प्रतिभा ती आलागोआसहून घेऊन आली होती. तिला रोजचे अन्न आणि उद्याचा भरवसा मिळाला तो येथे.

यानंतरच्या तीन वर्षांचा वृत्तांत मन विषण्ण करणारा आहे. २००९ साली अमेरिकेत सात संघांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली, आणि मार्ता लॉस एंजेलिस सोल संघात गेली. तिने दहा गोल केले, संघ गुणतक्त्यात अव्वल राहिला, अंतिम सामना एका गोलाने गमावला. आणि जानेवारी २०१० मध्ये, नवा मालक न मिळाल्यामुळे, तो संघ एकाच हंगामाच्या आयुष्यानिशी संपला. मधल्या काळात ती सांतोसकडून खेळली. पेलेच्या त्या क्लबाने दक्षिण अमेरिकेतील स्त्रियांचा पहिला लिबेर्तादोरेस चषक अंतिम सामन्यात ९–० अशा फरकाने जिंकला. २०१० मध्ये तिने कॅलिफोर्नियातील एफ. सी. गोल्ड प्राइड संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. सप्टेंबरअखेर चषक उचलला, आणि नोव्हेंबरात संघ बरखास्त झाला. २०११ मध्ये वेस्टर्न न्यू यॉर्क फ्लॅश या संघासह ती पुन्हा अजिंक्य ठरली. या खेपेस एका बडतर्फ क्लबमालकाशी जडलेल्या कज्ज्यात सापडून सबंध लीगच आधी तहकूब झाली, आणि मे २०१२ मध्ये कायमची मिटली. त्याच वर्षाच्या आरंभी सांतोसनेही स्त्रियांचा संघ बंद केला होता. हरलेल्याचे घर बुडावे हे जगरहाटीस धरून आहे. येथे जिंकणाऱ्यांची घरे बुडत होती.

ती पुन्हा स्वीडनला गेली. स्टॉकहोमच्या उपनगरातील तिरेसो संघाने नामांकित खेळाडू गोळा केल्या होत्या. २०१२ चे अजिंक्यपद त्यांनी जिंकले, आणि मे २०१४ मध्ये युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यासाठी हा संघ लिस्बनच्या रेश्तेलो मैदानावर उतरला. ज्या रेश्तेलोच्या किनाऱ्यावरून १४९७ साली व्हास्को द गामाची गलबते भारताच्या शोधात निघाली, त्याच परिसरातले हे मैदान. मार्ताने दोन गोल केले, संघाने २–० अशी आघाडी घेतली, आणि तरीही वोल्फ्सबुर्गने तो सामना ४–३ असा जिंकला. क्लब कर्जात आकंठ बुडालेला होता. पुढच्याच महिन्यात त्याने लीगमधून माघार घेतली, आणि त्या हंगामातील त्याचे सर्व निकाल रद्द ठरले. धावलेले सामने कागदावरून पुसले जाणे, ही खेळाडूच्या श्रमाची केवढी विटंबना!

माल्मो येथील रोसेनगोर्डकडून तिने २०१४ आणि २०१५ ची अजिंक्यपदे मिळवली. तीन क्लबांसह स्वीडनची सात अजिंक्यपदे तिच्या नावावर झाली, आणि मार्च २०१७ मध्ये त्या देशाने तिला नागरिकत्वही दिले. त्याच वर्षी ती अमेरिकेतील ऑर्लँडो प्राइड संघात दाखल झाली. येथे चषक लगेच आला नाही. मार्च २०२२ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटून एक सबंध हंगाम वाया गेला. परंतु या वेळी क्लब जागेवर होता. दुखापतीतून उठून ती परतली तेव्हा परतण्यासारखे घर शाबूत होते.

मधल्या काळात तिने ‘पगार’ या शब्दाचा प्रश्न जगापुढे उघडपणे मांडला. २०१९ च्या विश्वचषकात, पुरुष खेळाडूंच्या मानाने फारच तोकडा मोबदला देऊ करणारे करारनामे नाकारून, कोणत्याही कंपनीची मुद्रा नसलेले, केवळ समतेचे चिन्ह असलेले बूट घालून ती खेळली. आणि त्याच बुटांनी, १८ जून रोजी इटलीविरुद्ध, विश्वचषकातला आपला सतरावा गोल नोंदवून तिने जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोसे याचा सोळा गोलांचा उच्चांक मागे टाकला. तोवरच्या विश्वचषकाच्या इतिहासात, स्त्री असो वा पुरुष, तिच्याइतके गोल कोणाच्याही नावावर नव्हते. २०१९ पासूनच, लिबेर्तादोरेसमध्ये खेळू इच्छिणाऱ्या प्रत्येक क्लबाने स्त्रियांचा संघ बाळगलाच पाहिजे, असा दंडक दक्षिण अमेरिकेत लागू झाला. आणि सप्टेंबर २०२० मध्ये ब्राझीलच्या महासंघाने राष्ट्रीय संघांतील स्त्री-पुरुषांचा भत्ता समान केला. ज्या राष्ट्राने तिच्या आईच्या पिढीला चेंडूला पाय लावण्याची मनाई केली होती, त्याच राष्ट्रात २०२७ चा स्त्रियांचा विश्वचषक होणार आहे.

या हकीकतीशी आपला संबंध केवळ शब्दापुरता नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, आणि स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवले. असा सामना पाहून घरी परतणाऱ्या मुलीने आपणही हेच करणार म्हटले, तर तिचे आईवडील पहिला प्रश्न पगाराचाच विचारतील. त्या प्रश्नात मला कोतेपणा दिसत नाही. मुलीचे आयुष्य ज्या संस्थेच्या हाती सोपवायचे ती संस्था पुढच्या दिवाळीला असेल की नाही, हे विचारण्याचा त्यांना पुरता अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे खेळाडूच्या पायांचे काम नसून ताळेबंद राखणाऱ्यांचे आहे.

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅन्सस सिटी येथे ऑर्लँडोने वॉशिंग्टन स्पिरिटला १–० असे हरवले, आणि अडतिसाव्या वर्षी कर्णधार मार्ताने अमेरिकेतील विद्यमान लीगचा चषक प्रथमच उचलला. गोल तिची सहखेळाडू बार्ब्रा बांडा हिचा होता. मार्ताने आपला गोल त्याआधीच्या उपांत्य सामन्यात, बचावपटूंना एकामागून एक चकवून केलेला होता. परंतु माझ्या लेखी त्याहून मोठी घटना पुढच्या जानेवारीत घडली, जिची छायाचित्रे फारशी कोणी जपून ठेवणार नाही. अमेरिकेत याआधी दोनदा तिने चषक उचलला होता. एकदा त्यानंतर संघ उरला नव्हता, आणि एकदा लीग. या वेळी चषकानंतर दोन महिन्यांच्या आत, त्याच क्लबाकडून तिच्यापुढे आणखी दोन वर्षांच्या मुदतीचा करारनामा ठेवला गेला, आणि तिने त्यावर सही केली.