संकेत पाळावा केव्हां, मोडावा केव्हां?

आमचे विद्यार्थी हल्लीं लघुपट व गाण्यांच्या चित्रफिती तयार करूं लागले आहेत. त्यांत कोणी रुळलेल्या साच्याची हुबेहूब नक्कल करितो, तर कोणी सर्वच संकेत एकदम झुगारून देतो. आमच्या मतें दोन्ही मार्ग चुकीचे होत.

संकेत म्हणजे प्रेक्षकास दिलेलें वचन. दृष्टादृष्ट होऊन गाणें सुरू झालें, कीं शेवट गोड होणार, असें तो धरून चालतो. श्री. नागराज मंजुळे यांनीं २०१६ सालच्या ‘सैराट’ चित्रपटांत हें वचन प्रथम मनःपूर्वक पाळलें. अजय-अतुल यांचीं गाणीं, चोरट्या भेटी, पलायन, सर्व कांहीं तेथें आहे. मात्र ट्रॅक्टर चालविते ती नायिका! अखेरीस लहानगें मूल रक्ताचीं पावलें उमटवीत घराबाहेर पडतें, तेव्हां संगीत नाहीं, आवाजहि नाहीं. गोड शेवटाची आशा आधीं जागविली, म्हणूनच जातीच्या अहंकारानें झालेला तो खून काळजास झोंबतो.

चित्रफितींतहि तेंच. तालाबरोबर दृश्य बदलणें हा संकेत. जेथें गाण्याचें दुःख गहिरें होतें, तेथें दृश्य स्थिर ठेवून पाहावें.

तरी विद्यार्थिमित्रहो, संकेत आधीं नीट शिका. मग एकच मोडा, पण तो कां मोडला, हें सांगतां आलें पाहिजे.